ताईंचं नाक आणि पिरिडीन

ताईंना वास येत नाही, ही गोष्ट घरात सगळ्यांत शेवटी कळली ती ताईंना. आधी कळली सासूबाईंना. ताई ओट्याला टेकून कामाचा कुठलासा कागद वाचत उभ्या होत्या, त्यांच्या कोपराशी दूध करपत होतं, आणि सासूबाई बाहेरच्या खोलीत खुर्चीतून न उठता सांगत होत्या की अगं, पातेलं गेलं. ताईंनी वळून पाहिलं तर पातेलं खरोखरच गेलं होतं. त्यांनी ते उचलून नाकाशी नेलं. गरम आहे, एवढंच नाकाला समजलं.

त्याआधी त्यांना ताप येऊन गेला होता. ताप गेला, खोकला गेला, आणि जाताना वासही सोबत घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, कदाचित. ताई आयुष्यभर लोकांच्या अहवालांतल्या 'कदाचित'वर लाल रेघ मारत आल्या होत्या. हा मात्र त्यांनी मुकाट्याने घरी आणला.

ताईंचे यजमान चष्म्याच्या दुकानात भिंगं घासत. त्यांनी विचारलं, मीठ कळतं ना? कळतं, ताई म्हणाल्या. मग झालं तर, असं म्हणून त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. संसार इतका मुरला की दिलासासुद्धा पान उलटता उलटता देता येतो.

दुसऱ्या कुणाच्या बाबतीत खरंच तेवढ्यावर भागलं असतं. अत्तरं विकणारी असती तर गोष्ट निराळी, पण प्रयोगशाळेतल्या बाईला नाक कशाला लागतं, असं कुणालाही वाटेल. ताईंना ते लागायचं.

त्यांच्या प्रयोगशाळेत कारखान्यांकडून भुकट्या येत. दिसायला साध्या, पांढऱ्या, टाल्कम पावडरच्या चुलतबहिणी. पण एकेका कणाला आतून इतकी भोकं की चमचाभर भुकटीच्या आतल्या सगळ्या भिंती उलगडून पसरल्या तर शाळेचं मैदान झाकलं जावं. या भिंतींवर जागोजागी आम्लाचे ठिपके असतात. जड तेलाचं हलकं तेल करायचं काम हे ठिपके करतात, आणि ठिपके थकले की कारखाना थकतो. म्हणून कारखान्याला जाणून घ्यायचं असतं की ठिपके किती, किती कडक आणि कुठल्या जातीचे. लिटमसचा कागद लावून हे कळत नाही. आम्ल भांड्यात असतं तर कागद बुडवला असता. इथे ते भिंतीवर आहे, आणि भिंत भोकाच्या आत.

ताई आत पिरिडीन पाठवत, आम्ल दिसलं की त्याला जाऊन चिकटणारं एक द्रव्य. भुकटी साच्यात दाबून तिची नखाएवढी पातळ चकती करायची. जास्त दाबली तर भोकंच चेपतात, कमी दाबली तर उचलताना तिचे तुकडे होतात. ती काचेच्या नळीत टांगायची, तापवून आणि पंपाने हवा ओढून तिच्यातलं पाणी काढून टाकायचं, मग एक तोटी उघडून पिरिडीनची वाफ सोडायची. वाफ भोकांत शिरते आणि आम्लाच्या ठिपक्यांवर जाऊन बसते. उरलेली, नुसतीच हिंडणारी, पंपाने बाहेर काढायची. मग चकतीतून अवरक्त प्रकाश सोडायचा. ज्या ठिपक्याने आपला हायड्रोजन पिरिडीनच्या हवाली केला, तिथे बसलेला रेणू एका तऱ्हेने थरथरतो. ज्याने काही न देता नुसतं त्याला धरून ठेवलं, तिथला दुसऱ्या तऱ्हेने. आलेखावर दोन वेगळी शिखरं उमटतात. शिखरांचं क्षेत्रफळ मोजलं की देणारे किती आणि धरणारे किती, हे आपोआप बाहेर येतं.

पलीकडच्या खोलीत अमोनियावर चालणारं एक स्वयंचलित यंत्र होतं. तेही आम्लता मोजायचं. बटण दाबा, चहा पिऊन या, आकडा तयार. पण त्या यंत्राला एवढंच कळे की एकूण पाहुणे किती आले. कोण कुणाकडे उतरलं, याची त्याला पर्वा नव्हती. ताईंना त्याच्याविषयी बोलायची वेळ आली तर त्या 'ते फ्रिज' म्हणत. साहेबांचा मात्र फ्रिजवर जीव होता, कारण फ्रिज रजेवर जात नसे. ताईंचं टेबल कधी बंद पडलंच, तर ते पुन्हा उघडणार नाही, हे दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही ते एकमेकांना बोलून दाखवत नसत.

पिरिडीनच्या वासाबद्दल काय सांगावं. शिळी मासळी आणि आठवडाभर ओला राहिलेला फडका यांनी एकत्र बिऱ्हाड केलं, तर त्या घरातून असा वास येईल. शिवाय ते विषारी, आणि पेटणारं. त्यातल्या त्यात त्याचा एक सद्गुण असा की थोडं जरी निसटलं तरी ते लपून राहत नाही. म्हणून या टेबलावर काम करणाऱ्याच्या नाकाला महत्त्व. दाबमापकाचा काटा हलायच्या आधी ताईंच्या नाकपुड्या हलत. सगळी इमारत हे जाणून होती.

सासूबाई तर फारच जाणून होत्या. ही नोकरीला जाते की मासळीबाजारात, हे वाक्य त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या महिन्यात जे उच्चारलं, ते अजून वापरात होतं. कामावरची ओढणी गॅलरीतच राहायची, ताईंनी आधी हातपाय धुवायचे, मग घरात बोलायचं, असा कायदा होता.

करपल्या दुधानंतर हा कायदा उलटा झाला. ताई संध्याकाळी दारात येऊन उभ्या राहत आणि ओढणीचं टोक सासूबाईंपुढे धरत. सासूबाई डोळे मिटून वास घेत. इतकी वर्षं ज्या वासाला शिव्या दिल्या, त्याचं खातं आपल्याकडे आल्याचा त्यांना थोडा अभिमानच वाटत असावा. "आज नाही काही," किंवा "आज जरासा आहे हं, पण कालच्यापेक्षा शहाणा," असा निकाल मिळे. 'जरासा' आला की दुसऱ्या दिवशी ताई सगळ्या तोट्या आणि रबरी रिंगा तपासत. एक रिंग खरोखरच झिजलेली सापडली. कुठल्याही प्रयोगशाळेत गळती शोधायचं यंत्र इतकं मोठं, इतकं बोलकं आणि दोन बसथांबे दूर नसेल. पण चालत होतं.

प्रयोगशाळेत यातलं कुणालाच माहीत नव्हतं. ताई खोटं बोलत नव्हत्या. कुणी विचारलं नव्हतं, एवढंच. असं त्या स्वतःला सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज त्यांना साहेबांसारखा वाटे.

मग नणंदेच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि सासूबाई लेकीकडे राहायला गेल्या. जाताना त्यांनी मुलाला बजावलं की रोज तिची ओढणी बघत जा. यजमान रोज बघत आणि रोज म्हणत, नाही बुवा, मला काही येत नाही. एक तर दिवसभर काचेची धूळ हुंगून त्यांचं नाक भिंगासारखंच गुळगुळीत झालेलं. शिवाय, बायकोला नको असेल असं उत्तर न देण्याची त्यांची इतक्या वर्षांची सवय. मोजमाप म्हणून त्या उत्तराची किंमत शून्य होती. ताईंनी ते प्रेम म्हणून घेतलं आणि बाजूला ठेवलं.

ताईंच्या खोलीला लागून अण्णांची खोली. अण्णा प्रयोगशाळेचं काचकाम करत. ताईंच्या टेबलावरची प्रत्येक नळी, प्रत्येक तोटी त्यांनीच ज्योतीवर वळवून केलेली. मधली भिंत अर्धी काचेची होती. एक दिवस दुपारी त्या काचेवर टकटक झाली. पाहतात तो अण्णा रुमालाने नाक धरून दारात. आत येऊन त्यांनी पहिल्यांदा खिडकी उघडली, मग पिरिडीनच्या बाटलीकडे बोट दाखवलं. तोटी पुरती फिरली नव्हती.

ताईंनी ती बंद केली. आत्ताच माझ्या लक्षात आलं होतं, असं त्या म्हणाल्या. हे खोटं होतं, आणि या खेपेला ते दुसऱ्या कुठल्या नावाने हाकारता येत नव्हतं.

अण्णा रागावले नाहीत. रागावले असते तर बरं, असं ताईंना नंतर वाटलं. ते स्टुलावर टेकले आणि गप्पांच्या सुरात म्हणाले, "ताई, माझं नाक म्हणजे नावाला. धुराने गेलेलं. मी बर्नर पेटवायच्या आधी काचेतून तुमच्या तोंडाकडे बघतो. तुमचं नाक शांत असलं की काडी ओढतो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून. आजही बघितलं. शांत होतं. काडी हातात होती, आणि मलाच वास आला. मला येतो म्हणजे किती असेल बघा."

मग त्यांनी एका तडकलेल्या नळीचा विषय काढला, आणि ताई त्या नळीबद्दल काय बोलल्या हे त्यांना पुढे कधीच आठवलं नाही.

त्याच आठवड्यात मास्कवाल्यांची सूचना फळ्यावर लागली. मास्कवाले म्हणजे प्रयोगशाळेची सुरक्षा बघणारे गृहस्थ. पिरिडीनची बाटली भरताना मास्क घालावा लागतो, आणि मास्क तोंडाला नीट बसतो की नाही, याची वर्षातून एकदा परीक्षा होते. डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवून आत केळ्यासारख्या वासाचं एक द्रव्य सोडतात. मास्क घातलेल्याला वास आला, तर मास्क गळका. वास नाही आला, तर पास. ज्याला मुळात वासच येत नाही, तो या परीक्षेत चाळणी बांधूनही पहिला येईल. हे परीक्षा काढणाऱ्यांच्याही लक्षात आलं असावं, कारण टोपीच्या आधी दोन बरण्या हुंगायला देतात. एकीत नुसतं पाणी, दुसरीत पाण्यात त्या द्रव्याचा अंश. केळं कुठल्या बरणीत, ते सांगायचं. नाही सांगता आलं, तर पुढची परीक्षा नाही, आणि पिरिडीनही नाही.

आदल्या वर्षापर्यंत मास्कवाले बरण्या तयार करून आधी ताईंकडेच आणत, बरोबर झाल्यात का बघायला.

ताईंनी रात्री जेवताना यजमानांना सगळं सांगितलं, अण्णांच्या काडीसकट. यजमानांनी आधी आमटी वाढून घेतली. मग म्हणाले, सर्दी झाली म्हणून सांग, परीक्षा पुढे ढकलतील. फोनवर सासूबाईंचं मत पडलं की जी बरणी तो माणूस जपून धरेल तीच केळ्याची. दोन्ही सल्ले प्रेमाचे होते आणि दोन्ही कॉपी करण्याचे होते. आपलं घराणं परीक्षेच्या बाबतीत इतकं अनुभवी आहे, याची ताईंना कल्पना नव्हती.

परीक्षेच्या सकाळी मास्कवाल्यांनी टेबलावर बरण्या मांडल्या. दोन्ही सारख्या, दोन्हीत पाण्यासारखं पाणी. ते फोनवर कुणाला तरी जिन्यातल्या दिव्याबद्दल झापत होते आणि बरण्यांकडे त्यांचं लक्षही नव्हतं. सासूबाईंची युक्ती तिथेच बारगळली. ताईंनी पहिली बरणी हुंगली. दुसरी हुंगली. दोन्हीत सकाळची गार हवा होती. सर्दीचं सांगायला तोंड उघडलं, आणि त्या म्हणाल्या, "डावी."

"तुम्हाला काय विचारायचं म्हणा," मास्कवाले फोनवर हात ठेवून म्हणाले आणि त्यांनी बरोबरची खूण केली. पुढे टोपीची परीक्षा झाली. तिच्यात ताई अर्थातच झळकल्या.

त्या आपल्या टेबलाशी आल्या, त्यांनी भुकटी तोलली, साच्यात भरली. आपल्याला कदाचित थोडा वास आलाच असेल, असा विचार मनात येऊन गेला. डावी का म्हणालो आपण? काही तरी जाणवलं असेल. नाक परतीच्या वाटेवर असेल. असा विचार करणं फार सुखाचं होतं, आणि त्या तो करत असतानाच काचेपलीकडे अण्णांनी मान वर केली. हातात काडी. त्यांनी ताईंच्या चेहऱ्याकडे क्षणभर पाहिलं, मान हलवली आणि बर्नर पेटवला.

काहीच झालं नाही. व्हायचं कारणही नव्हतं; पिरिडीनची बाटली कपाटात होती. निळी ज्योत सरळ उभी राहिली आणि अण्णा नळी फिरवू लागले.

ताईंनी साचा तसाच ठेवला. बाहेरच्यांचे अहवाल तपासायला येत तेव्हा त्या एकाच गोष्टीवर अडून बसत. एकदा मोजलं म्हणजे मोजलं नाही. कोऱ्या नळीचं माप घेतलं का? परत केलं का? परत तेच आलं का? या हट्टापायी त्यांनी दोन चांगल्या माणसांशी कायमचं वैर घेतलं होतं. दोन बरण्यांतली एक ओळखणं म्हणजे नाणं उडवणं. तेही एकदा. असला अहवाल कुणी त्यांच्याकडे पाठवला असता, तर त्यांनी तो वाचूनही पुरा केला नसता.

त्या उठून मास्कवाल्यांकडे गेल्या. बरण्या अजून टेबलावरच होत्या.

"पुन्हा घ्या माझी," ताई म्हणाल्या. "मी पाठ फिरवते. तुम्ही जागा बदलत राहा, आणि बरोबर की चूक ते मध्ये सांगू नका."

"ताई, पास झालाय तुम्ही. पास झालेला माणूस परत येताना मी पाहिला नाही कधी."

"आता बघा."

मास्कवाल्यांना यात काही थट्टा असावी असं वाटलं. ते हसत हसत बरण्या फिरवू लागले. चौथ्या खेपेला त्यांचं हसू थांबलं. आणखी काही खेपा झाल्यावर त्यांनी दोन्ही बरण्यांना झाकणं लावली. ताई निम्म्या वेळा बरोबर होत्या, म्हणजे नाणं उडवून सांगणारा कुणीही असता तितक्याच.

"कधीपासून आहे हे?" त्यांनी हळूच विचारलं.

ताईंनी तापाचं सांगितलं. अर्ध्या तोटीचं आणि अण्णांच्या काडीचंही सांगितलं. सासूबाईंचं मात्र सांगितलं नाही. त्या कर्मचारी नव्हत्या.

"मला हे वर कळवावं लागणार, ताई."

"म्हणून तर आले."

"सकाळी सर्दी झालीय म्हणाला असतात तर मी महिना दिला असता."

"माहीत आहे," ताई म्हणाल्या.

तिथून त्या अण्णांकडे गेल्या आणि म्हणाल्या, यापुढे काडी ओढण्याआधी माझ्याकडे बघू नका. कारणही सांगितलं. अण्णांनी ज्योत बारीक केली, थोडा विचार केला आणि म्हणाले की मग मी इतकी वर्षं नेमकं कुठपर्यंत बरोबर बघत होतो, तेवढं सांगा. तापापर्यंत, ताई म्हणाल्या. त्यावर ते फक्त "बरं" म्हणाले. पण त्या दिवसापासून काडी ओढण्याआधी ते उठून ताईंच्या दारापर्यंत येऊ लागले आणि तिथे उभं राहून आपल्याच नावापुरत्या नाकावर जोर देऊ लागले.

साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, सहानुभूती दाखवली, आणि सहानुभूती संपते न संपते तोच अमोनियाच्या यंत्राचं नाव घेतलं. कारखान्यांना तेवढं पुरेल, म्हणाले. पिरिडीनची बाटली सीलबंद होऊन दुसऱ्या एका संस्थेकडे गेली. ताईंनी ती स्वतः खोक्यात भरली, भुसा दाबून दाबून, चकती दाबावी तशी. मोकळ्या टेबलाशी बसून त्या इतरांचे अहवाल तपासू लागल्या. त्या दिवसांत लाल शाई फार लागली.

वास नसलेल्या वायूचं त्यांच्या डोक्यात आलं ते असंच एक अहवाल तपासताना. आम्लाच्या ठिपक्यांवर पिरिडीनच पाठवलं पाहिजे, असं थोडंच आहे. कार्बन मोनॉक्साइडही पाठवता येतो. चकतीला द्रव नायट्रोजनने हाडं गोठतील इतकं गार करायचं आणि हा वायू किंचितसा सोडायचा. तो ठिपक्यावर ठाण मांडून बसत नाही, नुसता टेकतो. पण टेकल्याबरोबर ठिपक्याचं स्वतःचं शिखर आलेखावर खाली घसरतं. ठिपका जितका कडक, तितकी घसरण लांब. आकड्यांच्या बाबतीत तो पिरिडीनइतका सरळ नाही, आणि जुन्या अहवालांशी नव्यांची तुलना करणं अवघड होणार होतं. ताईंनी ते साहेबांना न लपवता सांगितलं. आजवरच्या कामाचा धागा इथे तुटतो, असंही सांगितलं, आणि हे सांगताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

हा वायू माणूस मारतो, आणि त्याला वास अजिबात नाही. साहेबांनी मास्कवाल्यांना बोलावलं. मास्कवाल्यांनी नियम आणून वाचले, मग पुन्हा वाचले. सिलेंडर हवा ओढणाऱ्या कपाटात हवा, भिंतीवर गळती सांगणारं यंत्र हवं, दर महिन्याला त्याची तपासणी हवी, एकट्याने काम करायचं नाही. नाकाचा उल्लेख कुठेच नव्हता. हे नियम ज्यांनी लिहिले, त्यांनी सगळी माणसं ताईंसारखीच असतात असं धरून चालायचं ठरवलं होतं.

"या टेबलावर तुमच्यात आणि माझ्यात फरक नाही," मास्कवाले ताईंना म्हणाले. त्यांना हे धीर देण्यासाठी म्हणायचं होतं, आणि बोलून झाल्यावर ते स्वतःच जरा घाबरलेले दिसले.

साहेबांनी परवानगी दिली, पण एका हंगामापुरती. मग बघू, म्हणाले. फ्रिज काही कुठे पळून जात नव्हतं.

सासूबाई परत आल्या तेव्हा टेबल सुरू होऊन थोडे दिवस झाले होते. त्यांनी बॅग खाली ठेवायच्या आधी नव्या कामाची चौकशी केली. ताईंनी समजेल असं सांगितलं: वायू आहे, विषारी आहे, आणि कुणालाच त्याचा वास येत नाही.

"कुणालाच?"

"कुणालाच नाही, आई. तुम्हालासुद्धा."

सासूबाईंना ही गोष्ट आवडली नाही. "मग तो बाहेर आलाय हे कळायचं कसं?"

"भिंतीवर यंत्र आहे. ते ओरडतं."

"आणि ते बिघडलं तर?"

"दर महिन्याला मास्कवाले येऊन तपासतात."

सासूबाईंनी यावर विचार केला. मग विचारलं, "त्या माणसाचं नाक ठीक आहे ना?"

नाकाचा इथे काही उपयोग नाही, हे सांगायला ताईंनी तोंड उघडलं, आणि मग म्हणाल्या, "हो. त्यांचं अगदी चांगलं आहे."

"मग हरकत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि बॅग उचलून आत गेल्या.